आमची वाटचाल : कोऱ्या वाघिणीला वय देताना

एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेल मालगाडीच्या वाघिणींना (डब्यांना) आम्ही वेदरिंग करून देतो, म्हणजे त्या ऊन, मळ, गंज लागून जुन्या झाल्यासारख्या रंगवतो. सुरुवात नुसत्या गंजरंगी पावडरीवर झाली. गुळगुळीत प्लास्टिकवर ती ठरत नसे, मॅट (बिनचमकीच्या) व्हार्निशचा फवारा बसला की निम्मी दिसेनाशी होई आणि भरपाईला जास्त थापली की डबा वीटभट्टीतून आल्यासारखा दिसे. आता मॅट व्हार्निश आधी, पावडर शेवटी.

मधली कामं वाढत गेली. चाकं आणि डबे एकमेकांना जोडणारे कपलर काढून डबा साबणाच्या पाण्याने धुवायचा. मूळ रंगात थोडा पांढरा घालून, भरपूर पातळ करून एअरब्रशने उन्हाने विटल्याचा थर द्यायचा. मग वॉश, म्हणजे मळ दाखवणारा पाण्यासारखा पातळ रंग : एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अॅक्रिलिक, दहा भाग पाणी, साबणाचा एक थेंब. त्या थेंबाविना पाणी मण्यांसारखं गोळा होतं. डबा आडवा ठेवून एकेक बाजू करतो. उभा ठेवला तर सगळा मळ खालच्या कडेला साचतो. शाई-अल्कोहोलचा वॉश व्हार्निशवर पांढुरकी साय धरू शकतो; वरून मॅटचा हलका हात दिला की ती बहुधा जाते.

सगळ्यात जास्त वेळ गंजाच्या ओघळांना. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) तैलरंग पुठ्ठ्यावर काढून जादा तेल शोषू द्यायचं. रिव्हेटखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. चपटा ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करणाऱ्या द्रवात) बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि वरून खाली एकदाच ओढायचा. ब्रश ओला राहिला तर ओघळ नाही, डाग होतो. खालचं अॅक्रिलिक पूर्ण वाळलेलं असलं तर हलत नाही, त्यामुळे चुकलेला ओघळ पुसता येतो. हीच खरी सोय.

डब्याच्या टोकांवर चाकांनी उडवलेल्या चिखलाचे दोन उभे पट्टे हवेतच. एचओचे रूळ १६.५ मिमी अंतरावर, म्हणून पट्टेही साधारण तेवढ्यावर. पुठ्ठ्यात फट कापून त्यातून फवारतो. नव्याने रंगवलेल्या क्रमांकाच्या चौकटीवर मात्र आधीच टेप, कारण प्रत्यक्षातही ती चौकट भोवतालपेक्षा स्वच्छ असते.

चाकांच्या बाहेरच्या तोंडालाच रंग. रुळावर टेकणारी धाव आणि आसाची टोकं कोरीच हवीत, नाहीतर रंग रुळांवर उतरतो, इंजिनाचा वीजपुरवठा अडखळतो आणि डबा जड चालतो. कपलरमध्ये पावडर शिरली की तो मिटत नाही. तिथे फक्त कोरडं ग्राफाइट. तैलरंग वाळायला दोन-तीन दिवस जातात, त्याआधी आम्ही डबा बांधत नाही.