राजकारण सोडून बोला

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नियम एकच: राजकीय पोस्ट टाकू नये, टाकल्यास रिमूव्ह करण्यात येईल. ग्रुपच्या माहितीत तो सगळ्यात वर लिहिलेला आहे. त्याच्या खाली कचऱ्याच्या गाडीची वेळ आहे. दोन्हींवर लोकांचा विश्वास साधारण सारखाच.

पुण्या-साताऱ्याकडे असा नियम चालत असेल. तिकडे राजकारण म्हणजे पक्ष, निवडणूक आणि पुढारी. तेवढं बाजूला काढलं की बोलायला पुष्कळ शिल्लक राहतं. बेळगावात बाजूला काय काढायचं? खडे बाजारातल्या कुठल्या दुकानाची पाटी बदलली म्हणून कुणी फोटो टाकला, की तो राजकीय, कारण पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा २०२४चा कायदा आहे. मराठी शाळेत पहिलीला मुलं पाठवा असं आवाहन आलं, राजकीय. शेताचा कन्नडमधला उतारा वाचता येईना म्हणून कुणी भाबडेपणानं विचारलं, ‘ह्यात काय लिहिलंय ओ?’, तर त्याच्या खाली अर्धा दिवस भांडण. १ नोव्हेंबरला नुसतं ‘शुभ सकाळ’ पाठवलं तरी कुणीतरी विचारतंच, कसली शुभ? १९५६ साली त्या तारखेला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. चन्नम्मा सर्कलकडे त्या दिवशी लाल-पिवळे झेंडे आणि कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरी. घरातला काळा शर्ट त्या दिवशी घालायचा की इस्त्रीला द्यायचा, हासुद्धा विचार करून ठरवायचा विषय.

अ‍ॅडमिनचा यात काही दोष नाही. त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं. भांडणाचं त्याला एवढं काही वाटत नाही, पोलिसांचं वाटतं. कुणीतरी काहीतरी टाकेल आणि अ‍ॅडमिन म्हणून मलाच उचलतील, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याला धीर यावा म्हणून एकानं बातमी पाठवली, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टबद्दल, दोघांचं संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली सांगितलंय. अ‍ॅडमिननं ती शांतपणे वाचली आणि लिहिलं, ‘ते नागपूर झालं. आपण धारवाड खंडपीठात येतो.’ इतक्या थोडक्यात सीमाप्रश्न मी दुसरीकडे कुठं वाचलेला नाही.

म्हणून तो ३१ ऑक्टोबरच्या रात्री ग्रुपला कुलूप घालतो. ‘फक्त अ‍ॅडमिन’ हे सेटिंग. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन बसलं की पुन्हा तेच. त्या दिवसांत ग्रुपवर फक्त पाणी कधी सुटणार ते कळतं. शांतता असते, नाही असं नाही. पण मला त्या शांततेचं फारसं कौतुक नाही, आणि ते का नाही हेच मला सांगायचंय.

मुळात हे गाव बोलण्यावरच पोसलेलं. टिळकांची होमरूल लीग १९१६ साली स्थापन झाली ती इथं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून एकदाच बसले, ते १९२४च्या इथल्याच अधिवेशनात. काँग्रेस विहीर अजून टिळकवाडीत आहे. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, म्हणजे साहित्य संमेलनातसुद्धा आम्ही राजकारण सोडून बोललो नाही. आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथं गावोगाव मराठी संमेलनं भरतात आणि कथाकथनाच्या आधी सीमाप्रश्नाचा ठराव होतो.

पण हे सगळं बोलणं कुणाचं? व्यासपीठावर बसलेल्यांचं. त्याच्या खालोखाल कट्ट्यावर बसलेल्यांचं. आमच्या गल्लीच्या तोंडाला कट्टा होता, अजून आहे. तिथं वयानं मोठा बोलायचा, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. वीस वर्षांच्या पोरानं मध्ये तोंड घातलं तर ‘तू कवा जन्मलास?’ एवढं विचारलं की वाद संपला. बायका तर तिथून जाताना पावलं उचलायच्या. कन्नड घरातला माणूस कट्ट्यावर बसायचा, चहा प्यायचा, सीमेचा विषय निघाला की घड्याळ बघून उठायचा. त्यामुळे कट्ट्यावर वाद असा कधी झालाच नाही. एकमत झालं, रोज संध्याकाळी, तेच तेच.

ग्रुपवर कोण कुठं बसलंय ते दिसत नाही, त्यानं सगळी व्यवस्था बिघडली. बरंच झालं.

लूमवाले, म्हणजे यंत्रमागवाले अण्णा घ्या. घर आमच्या गल्लीत, लूम वडगावला. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि मराठी तुमच्या-आमच्यासारखीच, शिव्यांसकट. देवनागरी सरसर वाचतात पण टाइप करायचा कंटाळा, म्हणून व्हॉइस नोट पाठवतात. तीही लूमवरूनच. आधी खटखट खटखट ऐकू येतं, मग त्यातून अण्णांचा आवाज वर येतो: ‘एन्री मास्तर...’ म्हणजे ‘काय हो मास्तर’. मग परत खटखट. एक वाक्य धागा तुटल्यामुळे अर्ध्यावर राहतं, पोराला कन्नडमधून दोन शब्द सुनावले जातात, आणि वाद पुढं चालू. ती नोट ऐकायला फोन कानाला लावावा लागतो. मला वाटतं, आमच्या ग्रुपवर सगळ्यात लक्ष देऊन ऐकलं जाणारं राजकीय मत तेच असावं.

मास्तर म्हणजे निवृत्त मास्तर. ते फॉरवर्ड करत नाहीत, लिहितात. परिच्छेद पाडून. एकदा कुणीतरी टाकलं की सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं महाराष्ट्राला एक गाव दिलं नाही. मास्तरांना चूक सहन होत नाही, मग ती आपल्या बाजूची का असेना. त्यांनी सगळं मांडलं. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला, १९६७ साली अहवाल आला. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती. आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला सुचवली, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. २४७ गावं कर्नाटकाला. बेळगाव शहर जिथं आहे तिथं. कर्नाटकानं मान्य केलं, महाराष्ट्रानं नाकारलं.

त्याच्या खाली समोरच्या घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरानं एक ओळ टाकली. ‘२६४ मिळत होती तर घेतली का नाहीत?’

‘टायपिंग’ असं मास्तरांच्या नावाखाली उमटलं. गेलं. पुन्हा उमटलं. पुन्हा गेलं. हा प्रश्न त्या पोरानं हुतात्मा दिनाच्या सभेत उभं राहून विचारला असता तर त्याला खाली बसवलं असतं. घरी आजोबांसमोर विचारला असता तर जेवणावरून उठवलं असतं, कारण आजोबा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. आणि प्रश्न तर सरळ आहे. आमच्या पिढीनं तो कधी विचारलाच नाही, कारण उत्तराच्या आधी घोषणा पाठ झाल्या होत्या.

मास्तरांचं उत्तर रात्री जेवणानंतर आलं. बेळगाव सोडून खानापूर घ्यायचं म्हणजे बेळगावच्या माणसाला काय सांगायचं, हा एक भाग. दुसरा, महाराष्ट्राचा आग्रह होता की खेडं हा घटक धरा, सलगता बघा, कुठली भाषा जास्त बोलली जाते ते बघा, आणि सगळीकडे एकच माप लावा. आयोगानं तसं केलं नाही, हा आक्षेप. म्हणून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा.

मग खटखट. अण्णा म्हणाले, ‘सगळं खरं हो मास्तर. पण आयोग पायजे म्हणून कुणी मागितलं? तुमीच की. मागून घ्यायचं नि मग नको म्हणायचं?’ मास्तरांनी लिहिलं, ‘मागणी महाराष्ट्राचीच होती, हे मान्य.’ एवढंच. पोरानं अण्णांनाही सोडलं नाही: बेळगाव राहिलं म्हणून तुम्हाला अहवाल गोड लागला, गेलं असतं तर मान्य केला असता का? अण्णांनी त्यावर कासरगोड काढलं. त्याच अहवालानं कासरगोडचा भाग कर्नाटकाला द्या म्हटलं होतं, तो अजून केरळातच आहे. ‘आमालाबी सगळं मिळालं न्हाई ओ.’ हे आमच्यापैकी कित्येकांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून, त्या बाजूलाही एक न मिळालेलं गाव आहे, हे आम्हाला एका व्हॉइस नोटनं कळलं.

कुणाचं मत बदललं? कुणाचंच नाही. मास्तर काळ्या दिनाला जातात, अण्णांच्या लूमवर राज्योत्सवाला झेंडा लागतो. लोक नेमकं इथंच बोट ठेवतात, की वाद घालून कुणाचं मत बदलत नाही, मग कशाला वेळ घालवायचा. मला हे म्हणणं उथळ वाटतं. त्या दिवसापासून ग्रुपवर ‘महाजननं एक गाव दिलं नाही’ असं कुणी लिहिलेलं नाही आणि ‘आयोग आमच्यावर लादला’ असंही आमच्याकडून कुणी म्हणत नाही. मतं तीच राहिली, त्यांच्यातला पोकळ भाग गळाला. तो सभेत गळत नाही, कारण सभेत समोर फक्त आपलेच असतात.

अर्थात हे सगळं माणसानं स्वतः लिहिलं, बोललं तर. फॉरवर्डची गोष्ट वेगळी. अफवांवरून माणसं मारली गेली, तेव्हा २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करू द्यायला सुरुवात केली, आणि २०२०पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्यावर दोन बाणांची खूण असते. दोन बाण दिसले की मी पुढं वाचत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बसमधल्या भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांमधल्या बसगाड्या काही दिवस थांबल्या, तेव्हा ग्रुपवर असल्या बाणांचा पाऊस पडला. मास्तर प्रत्येकाला एकच विचारत होते, ‘हे तू स्वतः पाहिलंस का?’ दुपारनंतर पाऊस ओसरला. आणि जिथं नावगाव नसलेली माणसं एकमेकांच्या आईवर येतात तसल्या ठिकाणच्या वादाची मी तरफदारी करत नाही. इथं ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच नळावर उन्हाळ्यात पाणी भरायला जायचं असतं. त्यानं भाषेला आपोआप लगाम बसतो.

सीमाप्रश्नावर आमच्या बायका कधी बोलल्या नव्हत्या. त्या बोलायला लागल्या त्या दोन हजार रुपयांवरून. कर्नाटकात ऑगस्ट २०२३पासून गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये, महाराष्ट्रात जुलै २०२४पासून लाडक्या बहिणीचे १,५००. बेळगाव आणि चंदगड तालुक्याची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. एक बहीण सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्रात दिलेली, एक अलीकडे. पलीकडच्या बहिणीचा मेसेज अलीकडच्या बहिणीनं ग्रुपवर टाकला आणि विचारलं, आता सांगा, कुठलं राज्य बरं?

पुरुष मंडळी आधी हसली. मग अण्णांनी कर्नाटकाची बाजू घेतली: बायकांना बस फुकट, २०० युनिटपर्यंत वीज फुकट. कुणी म्हणालं, महाराष्ट्रातही एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. मास्तरांनी वर्षाचा हिशेब मांडला, इकडं २४,००० आणि तिकडं १८,०००, आणि खाली लिहिलं की भाषेचा हक्क पैशात मोजायचा नसतो. त्यावर माहेर चंदगडचं असलेल्या वहिनींनी लिहिलं:

‘हिशेब बरोबर आहे मास्तर. पण २४,००० कुणाचे ते लिहा. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख सासूबाई. पैसे त्यांना. मला इकडं शून्य. तिकडं असते तर १,५०० माझ्या खात्यात आले असते.’

अ‍ॅडमिन धावत आला. ‘हा घरगुती विषय आहे, ग्रुपवर नको.’

सासूबाई ग्रुपवर आहेत हे बहुतेकांच्या लक्षातच नव्हतं. त्यांनी आयुष्यातली पहिली व्हॉइस नोट पाठवली. ‘घरगुती कसा ओ? नियम सरकारनं केलाय, मी न्हाई. आणि कार्डावर हिचं नाव पहिलं घालायला काय काय लागतं, ते कुणाला माहीत असलं तर सांगा.’