४४० बीएक्सवर हार्ड डिस्कचा वेग : निळ्या कनेक्टरापर्यंतचा प्रवास

जुन्या पेंटियम थ्रीवरचे काम या आठवड्यात मार्गी लागले, म्हणून तपशील नोंदवून ठेवत आहे. १९९८ साली आलेल्या इंटेल ४४० बीएक्स चिपसेटचा हा मदरबोर्ड मी जपून ठेवला आहे, कारण त्यावर आयएसए स्लॉट (जुन्या पद्धतीच्या कार्डांच्या खाचा) आहेत आणि माझे साउंड कार्ड त्यातच बसते. घरातल्या खडी गंमत आणि दंडार या विदर्भातल्या लोकनाट्यांच्या कॅसेट मी याच संगणकावर डिजिटल करतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची सीडीच्या दर्जाची फाइल सुमारे ६३५ एमबी भरते. मात्र ध्वनिमुद्रण चालू असताना दुसरी फाइल कॉपी करायला घेतली की ढोलकीचा एखादा ठोका हमखास गळून जात असे.

लिनक्सवरच्या एचडीपार्म या डिस्क तपासणाऱ्या साधनाने मोजले तेव्हा डिस्क सेकंदाला जेमतेम ३.६ एमबी वाचत होती आणि ती पीआयओ मोडमध्ये अडकली होती. या मोडमध्ये सगळा डेटा प्रोसेसरला स्वतः हलवावा लागतो, त्यामुळे साउंड कार्डाकडे बघायला त्याला वेळ उरत नाही. डीएमएमध्ये तेच काम कंट्रोलर परस्पर मेमरीशी करतो. डीएमए चालू करायला गेलो तर नकाराचा संदेश आला, कारण माझ्या लिनक्सच्या २.४ मालिकेच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) पीआयआयएक्स हा इंटेलच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर घेतलेलाच नव्हता. तो घेऊन कर्नल पुन्हा कंपाइल केल्यावर वेग २६ एमबीवर गेला. बीएक्सचा कंट्रोलर अल्ट्रा डीएमए मोड २ पर्यंत, म्हणजे सेकंदाला ३३ एमबीपर्यंतच जातो, तेव्हा तिथून पुढे फारसे काही मिळणार नव्हते.

माझी डिस्क याहून वेगवान असल्याने एका मित्राकडचे प्रॉमिस अल्ट्रा १०० टीएक्स२ हे डिस्क कंट्रोलरचे पीसीआय कार्ड आणून बसवले, तरी आकडा २७ च्या पुढे सरकेना. कार्डाला जुनीच ४० तारांची केबल लावली होती. मोड ५ (सेकंदाला १०० एमबीपर्यंत) बळजबरीने लादून पाहिला, तेव्हा लॉगमध्ये ‘बॅड सीआरसी’च्या, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या, ओळींची रांग लागली. हा प्रयोग मी रिकाम्या डिस्कवर केला होता आणि भरलेल्या डिस्कवर तो कोणीही करू नये, असे मी आवर्जून सांगेन. सीआरसीची तपासणी फक्त डेटाची होते, डिस्कला जाणाऱ्या आज्ञांची होत नाही, त्यामुळे बिघडलेली आज्ञा पकडली जात नाही.

मोड २ च्या पुढे ८० तारांची केबल लागते. तिच्यात पिना ४०च असतात. जास्तीच्या ४० तारा ग्राउंडच्या असून त्या शेजारच्या सिग्नलांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. सीताबर्डीतल्या एका दुकानात जुन्या सामानाच्या खोक्यात ती मिळाली. बसवली, आणि वेग पुन्हा २७! दोन संध्याकाळी मी ड्रायव्हर उलटसुलट करण्यात घालवल्या. शेवटी टॉर्च धरून केबल पाहिली, तेव्हा तिचे निळे टोक डिस्कमध्ये आणि काळे टोक कार्डात गेलेले दिसले. केबल ८० तारांची आहे हे कंट्रोलर ३४ व्या पिनवरून ओळखतो. ती पिन फक्त निळ्या कनेक्टरात ग्राउंडला जोडलेली असते. निळे टोक कार्डात नसेल तर कंट्रोलर केबल ४० तारांचीच समजतो आणि मोड २ वर थांबतो. टोके बदलली, डिस्क शेवटच्या काळ्या कनेक्टरावर मास्टर म्हणून लावली, मधला करडा रिकामा ठेवला, आणि एचडीपार्मने मोड ५ समोर तारांकन दाखवले. वेग ४१ एमबी भरला. आता मर्यादा डिस्कची आहे, मार्गाची नाही.

पडताळणीसाठी स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यातला) १९९ क्रमांकाचा गुणधर्म पाहावा, तो सीआरसी चुका मोजतो. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून आधीचा लिहून ठेवून नंतरच्याशी ताडून पाहावा. माझ्या प्रयोगाच्या डिस्कवर तो ११२ होता, आणि त्यावर ३० जीबी लिहून परत वाचल्यावरही ११२च राहिला.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी खोली एवढी तापते की डिस्क ५० अंशांच्या पुढे गेली होती. कूलरची ओली हवा थेट संगणकावर घेणे मला धोक्याचे वाटते, म्हणून डिस्कसमोर १२ व्होल्टचा पंखा लावला आहे आणि लांब कॉपी पहाटेच करतो. काल पहाटे दंडारीची एक कॅसेट घेत असतानाच दुसऱ्या डिस्कवर दहा फाइली कॉपी केल्या. नंतर हेडफोन लावून पूर्ण तास ऐकला. ढोलकीचा एकही ठोका गळालेला नव्हता.