खानापूरची तांबडी माती नि माझी मळकी मालगाडी

दिवाळीच्या साफसफाईत आईनं माझी मॉडेलची छोटी मालगाडी ओल्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवली. तीन रविवार घालवून मी त्या डब्यांवर धूळ बसवली होती. सांगितलं तर म्हणाली, "धुळीला कशाला एवढं तोंड पाडून बसलास, पलंगाखाली बघ की, पायजे तेवढी हाय." आता हिला काय सांगायचं. नवी कोरी गाडी आणायची आणि खरी दिसावी म्हणून परत वरनं खर्च करून ती मळवायची, हे आमच्या घरात कुणालाच पटलेलं नाही.

माझं मॉडेल एचओ स्केलचं आहे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे रूळ परदेशातल्या १४३५ मिमीच्या गेजवरून केलेले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ नं भागा, सव्वाएकोणीसच्या आसपास येतं, म्हणजे माझे रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरनं कमी पडतात आणि समोरून बघितलं की गाडी धडापेक्षा पाय बारीक अशी दिसते. यावर लोक स्वतः रूळ ओढून, बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) कापून काय काय करतात, मी सोडून दिलं. बाजूनं बघायचं, झालं.

आम्ही टिळकवाडीतले, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेल्वे गेटच्या मधले, त्यामुळं गाडी हा प्रकार लहानपणापासून घरातलाच. तेव्हा मीटरगेज होती, नव्वदच्या दशकात ती गेली. मी जे स्टेशन करतोय ते हुबेहूब खानापूर नाही, पण खानापूर आणि गुंजीच्या मधे कुठंतरी असतं तर कसं असतं तसं. एक फलाट, मंगलोरी कौलांची शेड, मागं एक सायडिंग, म्हणजे डबे बाजूला उभे करायचा रूळ, आणि लोंढ्याकडनं येणारी बॉक्सएन (वरनं उघड्या) वाघिणींची मालगाडी.

पहिली वाघीण मी मळवली ती इतकी वाईट की आता ती कौलाच्या शेडमागं उलटी पडलीय, अपघात झाला म्हणून सांगतो. व्हिडिओत बघितलं होतं, काळा रंग पाण्यात पातळ करायचा आणि सगळीकडं फासायचा की तो फटीत उतरतो. मी फासला. फटीत उतरला, बाहेर पण राहिला, आणि डबा चुलीतनं काढल्यागत दिसायला लागला. नंतर कळलं की आधी मॅट (बिनचमकीचा) कोट मारायचा म्हणजे पातळ रंगाला धरायला काहीतरी मिळतं, मग वॉश, म्हणजे तो पातळ रंग, आणि तो ओला असतानाच कापसाच्या काडीनं वरनं खाली पुसत यायचं, कारण पाऊस वरनं खाली पडतो. गंजाचा ओघळ पण तसाच, रिव्हेटपासनं किंवा दाराच्या बिजागरीपासनं सुरू होणार, मधेच कुठनं नाही.

पण खरं शिकलो ते आमच्या मामांकडनं. मामा रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर होऊन खानापुरात असतात. मोठ्या अभिमानानं त्यांना बोर्ड, म्हणजे रूळ आणि स्टेशन बसवलेली फळी, दाखवला. चष्मा काढून अगदी रुळाला नाक लावून बघितलं आणि विचारलं, "ही लाईन बंद पडलीय काय रे?" मी म्हटलं, का? "मग रुळाच्या डोक्याला गंज कसा? गाडी रोज जाती नव्हं?" मी अख्खा रूळ तपकिरी रंगवला होता. खरं तर गंज फक्त दोन्ही कुशींना, डोकं चाकानं घासून घासून आरशासारखं, आणि सायडिंगला जिथं महिनामहिना वाघीण उभी राहत नाही तिथं मात्र डोक्यावर पण गंज. रबरानं घासून मेन लाईन चकचकीत केली, सायडिंग तशीच ठेवली, आणि त्या एका गोष्टीनं बोर्ड एकदम जिवंत झाला. (डोक्यावर रंग असला तर मॉडेलच्या इंजिनाला रुळातनं करंट पण नीट मिळत नाही, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं.)

मग मामा सुटलेच. गाडी फलाटात शिरताना ब्रेक मारती तिथली खडी तांबूस पाहिजे, ब्रेक घासून लोखंडाचा चुरा पडतो. इंजिन जिथं येऊन थांबतं तिथं मधली खडी काळी, तेलकट. आणि वाघिणीत मी काठोकाठ लोहखनिज भरलं होतं, त्यावर तर हसायलाच लागले. "एवढं भरलंस तर बोगी बसंल की खाली." लोहखनिज जड, त्यामुळं वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि वाघीण बरीच रिकामी दिसते, माल बोगीच्या वर ढीग करून टाकलेला असतो. कोळसा हलका, तो वरपर्यंत येतो. मी खनिज दाखवत होतो आणि भरलं होतं मात्र कोळशासारखं! सगळं उकरून काढलं.

मातीचं सांगतो, कारण माझ्या मते निम्मी गंमत तिथंच आहे. बाजारात रंगाच्या पुड्या मिळतात, महाग असतात आणि त्यातली धूळ कुठल्या गावची ते कुणाला माहीत. आपल्याकडं मिरजेहून लोंढ्याला येताना खिडकीतनं बघा, कुडची-रायबागकडं काळी रानं आणि खानापूर आलं की तांबडंभडक, कौलं पण तांबडी आणि पावसात डबक्यातलं पाणी पण तांबडं. म्हणून मामांच्या परड्यातली माती आणली. आधी तव्यावर भाजली, नाहीतर त्यातनं किडे आणि गवत उगवतं. मग चहाच्या गाळणीनं, त्यानंतर जुन्या मलमलीच्या ओढणीनं चाळली. एवढं करून रुळाच्या कडेनं पसरली, फेव्हिकॉल पाण्यात निम्मानिम्म करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरनं सोडला (साबण नसला तर थेंब मातीवर मोत्यासारखा गडगडत बसतो, आत मुरत नाही), वाळली, फारच भारी दिसली.

दुसऱ्या दिवशी इंजिन अर्ध्या फेरीत कर्रकन थांबलं. उघडलं तर मोटरीच्या चुंबकाला बारीक मिशा फुटलेल्या. जांभ्याच्या मातीत लोखंड असतंय की! आता माती पसरायच्या आधी कागदावर घेतो आणि फ्रीजवरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरनं फिरवतो, प्रत्येक वेळी काळ्या कणांची दाढी येते, पिशवी उलटी केली की दाढी गळून पडते. चार-पाचदा फिरवल्यावरच ती माती बोर्डावर.

पावसाळ्यात मात्र बेळगावात हा छंद बंद ठेवावा असं माझं मत झालंय. जुलैमध्ये, बाहेर तीन दिवस झड लागलेली, मी गॅलरीत छपराच्या बंद वाघिणीवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. हवेतली ओल त्यात अडकली आणि दहा मिनिटांत तपकिरी डबा दुधासारखा पांढरट. कोरड्या दिवशी परत हलका हात मारला तर सुधारतं म्हणे, मी तोवर थांबलो नाही, दारांच्या खाली अजून जरा पांढरी पूड चोळली आणि तिला सिमेंटची वाघीण करून टाकली. कुणालाच संशय आलेला नाही.

पॅसेंजरचा निळा डबा सध्या अर्धवट आहे. खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्या काढल्यात, अगदी बारीक ब्रशनं, वाऱ्यानं मागं ओढल्यागत तिरक्या, आणि डबा परत पण येतो म्हणून काही उलट्या दिशेनं. बायको म्हणाली एवढं खरं कशाला करायचं. म्हटलं बघायचं तर सगळं बघू.

आता आईनं पुसलेल्या गाडीचं. चूक माझीच, त्या धुळीवर मी वार्निश मारलंच नव्हतं, कारण मारलं की पुडीचा रंग निम्मा उडतो, धूळ गायब होते आणि नुसता डाग उरतो. म्हणून मी शेवटचा थर तसाच सोडतो आणि डबा कडेला धरून उचलतो. आता वेगळं करून बघतोय, आधी दुप्पट पूड, मग लांबनं अगदी हलका स्प्रे, मग परत थोडी पूड. सायडिंगवर एक वाघीण कुडचीकडनं आलेली दाखवायची म्हणून काळी माती पण आणून गॅलरीत वाळत घातली होती. परवा आईनं ती तुळशीला घातली. या रविवारी परत कुडची.