आमची वाटचाल : डोंबिवली ते सिफनोस

आमच्या ऑफिसच्या पाटीवर अजूनही 'रेल्वे, विमान, पासपोर्ट, व्हिसा' एवढंच लिहिलेलं आहे. डोंबिवली पूर्वेला दोन टेबलांची जागा, मी आणि माझी बायको. सुरुवातीला धंदा तिकिटांचाच होता. मग विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन बंद केलं, रेल्वेची तिकिटं लोक मोबाइलवर काढायला लागले, आणि आम्ही मोठ्या कंपन्यांच्या युरोप टूर विकू लागलो. त्यात पोट भरायचं, पण गिऱ्हाईक परत आलं की तोंडावर थकवा दिसायचा. रोज सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि बसमध्ये झोपून आल्प्स बघायचा.

ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याने सरळच विचारलं, "आम्हाला एकाच गावात आठवडाभर राहायचंय. ग्रीसच्या सँटोरिनी बेटासारखी गर्दी नको. आहे काही?" तेव्हा काही नव्हतं. शोधता शोधता सिफनोस सापडलं. ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांमधलं पश्चिमेकडचं बेट, विमानतळ नाही, अथेन्सच्या पिरियस बंदरातून बोटीनेच जायचं. वेगवान बोट अडीच-तीन तासांत पोचवते, साधी पाचेक तास घेते. विमानतळ नसणं हीच आमच्या दृष्टीने बेटाची मोठी जमेची बाजू.

आम्ही उतरतो ते गेस्टहाउस बेटावरच्या आर्तेमोनास गावात आहे, पाच खोल्यांचं. मालकीणबाई सत्तरीच्या, आमची माणसं त्यांना मावशी म्हणतात आणि आता त्याही त्या हाकेला ओ देतात. घर त्यांच्या सासऱ्यांच्या आधीपासूनचं. जुन्या खोल्यांचं छत बघण्यासारखं आहे : जुनिपर झाडाच्या वाकड्यातिकड्या तुळया, त्यावर बोरू, त्यावर वाळवलेलं समुद्री गवत आणि वर माती. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसतो. अंगणातल्या फरशांच्या फटा दरवर्षी चुन्याने रंगवतात. गल्लीत गाडी येत नाही, त्यामुळे बॅग हातानेच न्यायची. म्हणून आमचा नियम झाला : माणशी एक बॅग, आणि तीसुद्धा आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून स्वतः वर आणून दाखवायची. लोकांना वाटतं आम्ही गंमत करतो.

धंद्याला खरं वळण लागलं 2015 साली. जूनच्या अखेरीस ग्रीसमधल्या बँका बंद झाल्या, तिथल्या लोकांना एटीएममधून दिवसाला 60 युरोच काढता येत होते. आमचा ग्रुप सप्टेंबरचा होता. आगाऊ रक्कम पाठवायची तयारी झाली होती, तेवढ्यात मावशींच्या भाच्याचा फोन आला : पैसे पाठवू नका, खात्यात अडकतील, खोल्या तुमच्यासाठी ठेवल्यात, आलात की नोटा द्या. ना करार, ना पावती. इथे माझी बायको म्हणाली, "बाईने कशाच्या भरवशावर ठेवल्या खोल्या?" त्या वर्षी पुष्कळ लोकांनी ग्रीसच्या सहली रद्द केल्या, आमच्याकडूनही एक कुटुंब गळलं. बाकीचे युरोच्या नोटा घेऊन गेले. तेव्हापासून त्या घराशी आमचा व्यवहार शब्दावर चालतो. व्हिसाच्या अर्जाला मात्र राहण्याच्या जागेचा कागद लागतो. मावशी हाताने चिठ्ठी लिहायच्या, आणि ती एका काउंटरवर 'हे हॉटेलचं लेटरहेड नाही' म्हणून परत आली. आता भाचा छापील कागद पाठवतो, खाली सही मावशींचीच.

जेवणाची आम्हाला जास्त धास्ती होती, कारण आमचे निम्मे पाहुणे शाकाहारी. पण तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या सणांआधी उपास धरतात, तेव्हा मांस, अंडी, दूध बंद. त्यामुळे पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, भाज्यांचं भाजलेलं ब्रियाम, कांद्यात शिजवलेले केपर नावाच्या झुडपाचे कळे, असं पुष्कळ मिळतं. गंमत अशी की ऑक्टोपस आणि माकूळ त्यांच्या उपासाला चालतात. 'उपासाचं चालेल' असं उत्साहाने सांगणाऱ्या एका काकांच्या पुढ्यात ऑक्टोपस आला. एकादशी नि दुप्पट खाशी, ते हेच.

या बेटाची शान म्हणजे रविवारचे छोले, रेविथाडा. शनिवारी संध्याकाळी मावशी भिजवलेले छोले झाकणाच्या मातीच्या भांड्यात भरतात. कांदा, तमालपत्र, मीठ, ऑलिव्ह तेल सढळ हाताने, आणि पाणी. टाकीत साठवलेलं पावसाचंच पाणी हवं, नळाच्या पाण्याने छोले नीट शिजत नाहीत, असा त्यांचा हट्ट. भांडं गावच्या लाकडाच्या भट्टीत रात्रभर राहतं. रविवारी चर्च सुटलं की घरोघरची भांडी बाहेर येतात. झाकण काढल्यावर छोले अख्खे दिसतात, पण जिभेवर ठेवले की विरघळतात. वर लिंबू पिळायचं, बस. कुंभारकाम हा सिफनोसचा जुना धंदा, ही भांडीही तिथलीच. आमच्या एका ताईंनी त्यावर कांदा-लसूण मसाला भुरभुरला तेव्हा मावशींनी वास घेतला, भुवया उंचावल्या आणि पुढच्या वर्षी एक डबी मागवली.

वाऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांत जोरात, पण सप्टेंबरमध्येही. जोर वाढला की आधी वेगवान बोटी बंद होतात, वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापाच्या 8 च्या पुढे मोठ्याही. म्हणून परतीच्या विमानाआधी दोन रात्री अथेन्समध्ये ठेवतोच. खर्च वाढतो, लोक कुरकुरतात, आम्ही ऐकत नाही. त्यातला एक दिवस डेल्फीला, अपोलोच्या प्राचीन देवस्थानी. इ.स.पू. सहाव्या शतकात सोन्या-चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या सिफनोसवाल्यांनी तिथे संगमरवरी कोषागार बांधला होता. त्यावरची शिल्पपट्टी संग्रहालयात आहे. बेटावर आठवडा काढून आलेली माणसं तिच्यापुढे 'आपल्या गावची' म्हणून फोटो काढतात.

2020 ने सगळ्यांना झोपवलं, आम्हालाही. ऑफिसचं भाडं निघावं म्हणून पासपोर्टचे फॉर्म भरले. नेहमीची परदेशी विमानं बंद असतानाच परदेशी टूरवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गिऱ्हाइकाकडून घ्यायचा कर, लागू झाला, हे विशेष.

आता सीझनला मोजकेच ग्रुप नेतो, मे आणि सप्टेंबरमध्ये. मे मध्ये आपल्या शाळांना सुट्टी आणि बेट मोकळं, पण समुद्र गार असतो. दिवाळीची सुट्टी सगळ्यांना हवी असते, तेव्हा मात्र तिथल्या बहुतेक खानावळी आणि गेस्टहाउसं बंद होत आलेली असतात. ऑगस्टला 'नाही' म्हणतो. मोठा ग्रुप करा, बाजूचं हॉटेल घ्या, असे सल्ले मिळतात. पण पाच खोल्यांत बसतील तेवढीच माणसं, कारण मावशी त्यापेक्षा जास्त लोकांचा नाश्ता स्वतः करू शकत नाहीत आणि दुसऱ्याने केलेला त्यांना पटत नाही.

भाचा आता ऑनलाइन बुकिंग सुरू करायचं म्हणतोय. झालं तर आमच्या खोल्यांचे दर वाढतील आणि आम्हालाही वाढवावे लागतील, ते आधीच सांगून ठेवतो. येत्या सप्टेंबरच्या दोन खोल्या शिल्लक आहेत. एक तळमजल्यावर आहे, गुडघेदुखी असेल तर फोनवर आधी तेवढं सांगा.