फावल्या वेळातलं बुद्धिबळ: तुम्ही विचारलंत म्हणून

"आम्हाला स्पर्धाबिर्धा खेळायच्या नाहीत. फावल्या वेळात कुणाशी तरी दोन डाव टाकायचे, एवढंच. मग बुद्धिबळ खेळावं, की त्यापेक्षा दुसरा एखादा खेळ बरा?" हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून पण याच अर्थाने सारखा येतो, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

खेळावं, जरूर खेळावं. फक्त एक लक्षात घ्या: बुद्धिबळाच्या नियमांत हौशी माणसाला सांभाळून घेण्याची काहीही सोय नाही. बाकीच्या बऱ्याच खेळांत ती नियमांतच असते. इथे ती दोघांनी आपापसांत ठरवून करावी लागते. ज्यांनी ती केली त्यांची गोडी टिकते. ज्यांनी केली नाही त्यांच्यातला एकजण सतत हरतो, दुसरा सतत जिंकून कंटाळतो आणि पट कपाटात जातो.

सोय म्हणजे काय, ते बॅकगॅमनमध्ये लगेच दिसतं. तिथे दोन फासे असतात, म्हणजे ३६ प्रकारची दानं. तुमची एकटी सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपासून ६ घरांवर असेल आणि मधे अडवणूक नसेल, तर ३६ पैकी १७ दानांत ती मारली जाते. तीच एक घर पुढे, ७ घरांवर ठेवली तर फक्त ६ दानांत. हा फरक ज्याला कळतो तो बऱ्याच डावांच्या सामन्यात जिंकतोच. पण एका डावात १७ पैकी एकही दान पडलं नाही, तर चुकीचा खेळणाराही सुटतो. म्हणून जाणकार आणि नवखा समोरासमोर बसले तरी संध्याकाळ मजेत जाते. नवखा दोन-तीन डाव खरोखर जिंकतो, आणि ते डाव कुणी त्याला मुद्दाम सोडलेले नसतात.

बुद्धिबळात फासे नाहीत, झाकलेली पानं नाहीत. सगळं दोघांना सारखंच दिसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीची किंमत. ३० चाली सुरेख खेळलात आणि ३१व्या चालीला वजीर बिनजोर, म्हणजे पाठीशी आपली सोंगटी नसताना माऱ्यात ठेवलात, तर डाव गेला. चालींची सरासरी कुणी काढत नाही, सगळ्यात वाईट चाल निकाल ठरवते. त्यामुळे थोडासा फरकही निकालात मोठा होऊन दिसतो. आर्पाड ईलो यांची रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद गुणांत मोजण्याची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. त्या हिशेबाने दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला १०० डावांत साधारण ७६ गुण मिळावेत, आणि ४०० चा असेल तर ९१च्या आसपास. यात बरोबरीचा अर्धा गुणही आला. एकाला नुसत्या चाली येतात आणि दुसरा वर्षभर नेमाने खेळलाय, एवढ्याने ४०० चा फरक सहज पडतो. म्हणजे दहा डावांतला जेमतेम एक गुण पदरात. इतकं हरूनही रोज हौसेने बसणारा माणूस विरळाच.

गो या पटावर दगड मांडून जागा वेढायच्या खेळातही नशीब नाही. तरीही तो हौशी माणसाला जास्त मानवतो, याची दोन कारणं आहेत. एक, त्याचा पूर्ण पट १९ बाय १९ रेघांचा, म्हणजे ३६१ जागांचा असतो. एका कोपऱ्यात मार खाल्ला तरी तीन कोपरे शिल्लक राहतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: कमी ताकदीच्या खेळाडूला आधीच दगड मांडून देण्याची रीत त्या खेळात मुरलेली आहे. २ पासून ९ पर्यंत दगड देतात, आणि हौशी श्रेणींत एका पायरीला साधारण एक दगड असा हिशेब असतो. त्यात कमीपणा कुणालाच वाटत नाही. अडचण येते ती शेवटी. डाव कधी संपला आणि कुठले दगड मेले, हे नवख्यांना ठरवताच येत नाही. त्यासाठी आधी ९ बाय ९ च्या पटावर खेळावं.

चेकर्सला पट बुद्धिबळाचाच लागतो, पण सोंगट्या एकाच रंगाच्या ३२ घरांवरून फिरतात. दोघांकडे १२-१२ सोंगट्या आणि मारता येत असेल तर मारायचंच, ही सक्ती. लहान मुलांशी खेळायला याच्यासारखा खेळ नाही, कारण पाच मिनिटांत नियम कळतात आणि सक्तीमुळे पहिल्याच दिवशी कुणीतरी कुणाला सापळ्यात ओढतो. अल्बर्टा विद्यापीठातल्या जोनाथन शेफर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवून दिलं की दोघंही बिनचूक खेळले तर चेकर्सचा डाव बरोबरीत सुटतो. काहीजण त्यावरून "मग खेळायचं कशाला?" असं म्हणतात. बिनचूक खेळणारे दोघं तुमच्यात असतील तर मुद्दा खरा. कॉम्प्युटरचंही तेच. डीप ब्लू या कॉम्प्युटरने १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, म्हणून दोन माणसांमधल्या डावातली मजा उणी झाली नाही.

ब्रिज हा पत्त्यांचा फार सुंदर खेळ आहे, पण चार माणसं जमवावी लागतात आणि बोली शिकेपर्यंत मजा सुरूच होत नाही. पोकरमध्ये पणाला काही लावलं नाही तर जो तो प्रत्येक पानावर शेवटपर्यंत थांबतो आणि खेळातला जीवच जातो. दोघंच असाल, पैसे लावायचे नसतील, कधीही थांबता यावं असं वाटत असेल, तर बुद्धिबळाला तोड नाही. अर्धवट राहिलेल्या डावाचा फोटो काढून ठेवा आणि पुढची चाल कुणाची ते टिपून ठेवा, आठवड्यानेही तिथूनच सुरू करता येतो.

आता एक गैरसमज. बुद्धिबळात हरणं इतर खेळांपेक्षा जास्त लागतं, कारण लोक त्याचा संबंध अकलेशी जोडतात. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यावर चांगला उजेड टाकतो. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली, तर पट्टीचा खेळाडू बहुतेक सोंगट्या बरोबर मांडतो. त्याच सोंगट्या कशाही विखरून दाखवल्या, तर त्याची आठवण नवख्याइतकीच तोकडी पडते. म्हणजे त्याच्याकडे मुलखावेगळी स्मरणशक्ती नसते. पाहून पाहून डोळ्यांत बसलेले आकृतिबंध असतात. ते ज्याने जास्त पाहिले तो जिंकतो. उलट बाजूने, बुद्धिबळ खेळून गणितात किंवा अभ्यासात मोठी प्रगती होते या दाव्यालाही पुरावा कमकुवत आहे. मुलांना त्या आशेने पटावर बसवू नका. खेळ आवडला तर तेवढं कारण पुरे.

मग सोय करायची कशी? सगळ्यात चांगली सोय घड्याळाची. वरचढ खेळाडूला ३ मिनिटं आणि दुसऱ्याला १०. यात पट नेहमीसारखाच राहतो, दोघंही खरं बुद्धिबळ खेळतात आणि डाव शेवटपर्यंत रंगतो. निकाल एकतर्फी लागू लागले तर मिनिटं बदलायची. दुसरी सोय सोंगटी काढून खेळण्याची. वरचढाने वजिराच्या बाजूचा घोडा आधीच पटाबाहेर ठेवायचा, आणि फरक फारच असेल तर वजिराच्या बाजूचा हत्ती. इथे नवख्याने काय करायचं ते मात्र सांगावं लागतं, नाहीतर घोड्याचा फायदा वाया जातो. सारख्या किमतीच्या सोंगट्या मारामारीत उडवत राहायचं, पण प्यादी जपायची. पट मोकळा होईल तसा जास्तीचा घोडा भारी पडतो. सगळी प्यादीही संपली तर नुसत्या राजा-घोड्याने मात होत नाही, बरोबरीच होते. हत्ती जास्त असेल तर ही काळजी नको, एकट्या हत्तीने मात करता येते.

चाल परत घेऊ द्यायची का, हे पहिल्या चालीआधी ठरवा. शिकताना समोरच्याने उत्तर द्यायच्या आत परत घ्यायला हरकत नाही, पण मुभा दोघांना सारखी. हे मधेच ठरवायला गेलात की भांडण होतं. रंग दर डावाला बदला, पांढऱ्याला पहिल्या चालीचा थोडा फायदा असतोच.

वेळेबद्दल माझं मत पक्कं आहे: नवख्यांनी ३ मिनिटांचे डाव खेळू नयेत. ४० चालींचा डाव धरला तर चालीमागे साडेचार सेकंद येतात. तेवढ्यात सोंगटी उचलून ठेवता येते, समोरची धमकी पाहता येत नाही. १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव, हे प्रमाण उत्तम. ४० चालींना एकेकाच्या वाट्याला साधारण २२ मिनिटं येतात, म्हणजे पाऊण तासात डाव आटोपतो. चालीमागे अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ मिळतो आणि तो कामाला लावता येतो.

तो कामाला असा लावायचा. समोरच्याची चाल झाली की आधी "आता तो काय मारू शकतो, कुठून शह देऊ शकतो?" हे बघायचं. मग आपली चाल मनात ठरवायची, आणि सोंगटीला हात लावायच्या आत तोच प्रश्न नव्या स्थितीला विचारायचा. जोर, म्हणजे सोंगटीला राखणाऱ्या आपल्या सोंगट्या, मोजताना नुसती संख्या मोजू नका, किंमतही मोजा. प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. तुमच्या घोड्यावर प्याद्याचा मारा असेल तर घोड्याला दोन जोर असले तरी तो हलवावा लागतो, कारण ३ देऊन १ घेण्यात तोटाच आहे.

चार चालींतली मात हे याचं चांगलं उदाहरण, कारण नवखे ती सर्रास खातात. तुम्ही काळ्याकडून खेळताय असं धरा. (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभा स्तंभ, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आणि आकडा म्हणजे आडवी रांग, पांढऱ्याकडून १ ते ८.) दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं आणि पांढऱ्याने लगेच वजीर एच५ वर आणला. बघणाऱ्याला एफ७ वरची धमकी दिसते, पण आत्ता खरी धमकी ई५ च्या प्याद्यावर आहे, ते बिनजोर आहे. घाबरून जी स्तंभातलं प्यादं एक घर पुढे टाकून वजिराला हुसकावलंत, तर तो ई५ चं प्यादं शहासह मारतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातला हत्ती धरतो. हत्ती गेलाच. म्हणून आधी घोडा सी६ वर, ई५ ला जोर द्यायला. मग पांढरा उंट सी४ वर आणतो. आता एफ७ वर वजीर आणि उंट असे दोन मारे झाले, आणि तिथे जोर फक्त राजाचा. इथे घोडा एफ६ वर आणून वजिरावर हल्ला केलात तर पुढच्याच चालीला मात. जी स्तंभातलं प्यादं आता टाकायचं. वजीर एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ कडे बघतो, तेव्हा घोडा एफ६ वर आणून वाट बंद करायची. त्याचा वजीर नुसता भटकला, तुमचे दोन्ही घोडे बाहेर आले. एकच प्यादं, एक चाल आधी टाकलं तर हत्ती जातो आणि एक चाल नंतर टाकलं तर डाव वाचतो.

सुरुवातीच्या चालींची पुस्तकं हौशी माणसाने पाठ करू नयेत. मधली प्यादी, घोडे, उंट, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेण्याची चाल), एवढा क्रम पुरतो. पाठांतराचा फारच कंटाळा असेल तर माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये जाहीर केलेला प्रकार खेळून बघा. मागच्या रांगेतल्या सोंगट्या चिठ्ठ्या टाकून मांडायच्या. उंट वेगळ्या रंगांच्या घरांवर आणि राजा दोन हत्तींच्या मधे, एवढ्या दोन अटी. ९६० मांडण्या होतात. पाठ केलेलं काही कामाला येत नाही, दोघंही पहिल्या चालीपासून विचारात पडतात.

आणि सोंगटी गेली म्हणून लगेच डाव सोडू नका. हौशी खेळात जिंकलेला डाव जिंकून दाखवणं अनेकांना जमत नाही. राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा, इथे तर बरोबऱ्यांचा पाऊस पडतो. राजा ए८ च्या कोपऱ्यात आणि वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर, म्हणजे बी६ किंवा सी७ वर ठेवला, की राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. जिंकायचं असेल तर समोरच्याच्या राजाला रेटत त्याच कोपऱ्याकडे न्यायचं आणि वजीर डी७ वर थांबवायचा. तिथून राजाला ए८ आणि बी८ ही दोन घरं उरतात, त्याने तिथे ये-जा करत बसावं. तोवर वजिराला हात लावायचा नाही. आपला राजा एकेक घर चालवत सी६ वर आणायचा. मग वजीर बी७ वर. त्याचा राजा ए८ ला असो की बी८ ला, मात होते.