प्री-क्लीनर लावला की उतारा वाढतो का? माझा अनुभव

प्री-क्लीनर म्हणजे जिनिंगआधी कापसातला कचरा काढणारं यंत्र. तो भोसरीच्या शेडमध्ये जुळवला, चाचणी मात्र मानवतच्या जिनिंगवर घेतली. जिनिंगच्या मालकांचा प्रश्न एकच: उतारा, म्हणजे 100 किलो कापसातून निघणारी रुई, किती वाढेल?

एकाच गंजीतल्या कापसाचे दोन वाटे केले. एक थेट डबल रोलर जिनवर (रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र), दुसरा क्लीनरमधून. रुई, सरकी, कचरा सगळं वेगवेगळं तोलायचं. ओलावा आधी आणि नंतर मोजायचाच, नाहीतर उडालेलं पाणीही घटीत जमा होतं. पुण्याला न्यायचे नमुने हवाबंद पिशवीत भरले.

आता हिशोब. समजा 100 किलो कापसातून 34 किलो रुई निघते. क्लीनरने 2 किलो कचरा काढला, तर तेवढाच कापूस 98 किलो उरतो आणि रुई 33.6 किलो भरते, कारण रुईत जाणारी पत्ती (वाळक्या पानांचा चुरा) आधीच गळाली. 98 वर उतारा 34.3 टक्के दिसतो. वाढला म्हणायचं? खरेदी 100 किलोची होती, त्यावर तो 33.6 आहे. क्लीनर रुई निर्माण करत नाही. फायदा असतो तो कमी कचऱ्याच्या रुईला मिळणाऱ्या भावात, आणि खडे-माती गेल्यामुळे सुऱ्या व चामडी रोलर जास्त टिकतात त्यात.

क्लीनरच्या गजांच्या जाळीखाली पडलेला कचरा मुठीत घेऊन बघाच. पत्ती, काडी, माती असेल तर ठीक. सरकीसकट पांढरे पुंजके दिसले तर गज वाकलाय किंवा फट जास्त आहे. गजांमधली फट साधारण 9-10 मिमी पुरते. कापूस या जाळीवरून फिरवणाऱ्या खिळेदार सिलिंडरचा वेग वाढवला की कचरा जास्त पडतो, पण कापसाला पीळ बसतो, नेप्स (तंतूंच्या बारीक गाठी) वाढतात, सरकी फुटते. फुटलेल्या सरकीची साल तंतूंसकट रुईत जाते आणि सूतगिरणीत ती काढणं फार अवघड.

ओलावा 6 ते 8 टक्के हवा. ओल्या कापसाला पत्ती चिकटून राहते आणि त्याचे गोळे होतात. फार सुकला तर तंतू तुटतात, आखूड तंतूंचं प्रमाण वाढतं.

सुतळी आणि प्लास्टिक मात्र क्लीनरच्या आधी हातानेच वेचा. सिलिंडरच्या स्पाईकमध्ये (खिळ्यांमध्ये) पिशवीच्या चिंध्या होतात आणि त्या सगळ्या रुईभर पसरतात. या कामावरची माणसं कमी करू नका, हे मी मालकांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

शेवटी क्लीनरला बायपास डक्ट, म्हणजे त्याला वगळून जाणारी वाट, दिला. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस सरळ जिनवर जातो, फरदडीचा (हंगामानंतर ठेवलेल्या पिकाचा) क्लीनरमधून.