अभ्यास शिकवणारी शाळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि छड्या यांविषयी इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितील याची खात्री असल्यामुळे मी एकाच गोष्टीपुरते लिहायचे ठरवले. आठवी ते दहावी या तीन वर्षांत आपल्या शाळेने आम्हांला अभ्यास कसा करावा हे शिकवले. ‘अभ्यास करा’ असे सगळ्याच शाळा सांगतात. तो करण्याच्या रीती तासाला घेऊन आणि सराव देऊन शिकवणारी दुसरी शाळा 1980च्या दशकात निदान मला तरी ठाऊक नव्हती. आज अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना शिकवताना हे काम किती अवघड आहे, याची रोज जाणीव होते.

आमच्या सातारा जिल्ह्यात स्वावलंबनाचे अप्रूप कोणाला नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलेली माणसे घरोघरी होती. परंतु श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवणारा मुलगाही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टीच करत असे, कारण त्याला दुसरे काही कोणी दाखवलेलेच नसे.

विज्ञानाच्या बाई तास संपायला थोडा वेळ उरला की पुस्तके मिटायला लावत. कोऱ्या पानावर निळ्या शाईने आठवेल ते सारे लिहायचे, मग पुस्तक उघडून जे सुटले किंवा चुकले असेल ते तांबड्या शाईने भरायचे आणि घरी केवळ तांबड्या मजकुराचा अभ्यास करायचा, असा त्यांचा नियम होता. सुरुवातीला पाने तांबडी होऊन जात आणि वर्गातल्या हुशार मुलींना ते फार लागे, कारण धडा तीनदा वाचला की तो आपल्याला येतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढे डी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी वाचन करताना या समजुतीची मोजदाद सापडली. 2006 मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो एकदाच वाचायला देऊन नंतर आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. या निष्कर्षाची पहिली बाजू शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवली पाहिजे असे मला वाटते. वाचणाऱ्याला लगेच यश दिसते, म्हणून तो वाचतच राहतो. मुलांना स्वतःच्या मर्जीवर सोडले, तर ती बहुधा हाच सोपा आणि फसवा मार्ग धरतात.

बाईंचा दुसरा उपक्रम खोक्यांचा होता. लग्नसराई सरली की घरोघरच्या पत्रिका शाळेत गोळा होत. पाठकोऱ्या पत्रिकांचे पत्त्यांसारखे तुकडे कापून एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहायचे आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे करून ते ठेवायचे. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा आठवड्यातून दोनदा, तिसरा रविवारी. उत्तर आले तर पत्ता पुढच्या कप्प्यात जाई आणि चुकले तर कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येई. जर्मन विज्ञानपत्रकार झेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत ती हीच. विसरण्याच्या बेतात असताना आठवावे लागले की स्मरण अधिक पक्के होते, एवढाच त्यातला आधार आहे. संयुजा, सनावळ्या आणि संस्कृतची रूपे यांना ही रीत उत्तम लागू पडते. निबंधाला किंवा भूमितीला तिचा काही उपयोग नाही, हे बाई स्वतःच बजावून सांगत.

भूमिती सरांकडे होती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा क्रम सगळ्यांनाच पाठ असतो, पण सिद्धतेतली पुढची पायरी सुचते कशी, हे फळ्यावर सहसा दिसत नाही. सर ते मोठ्याने बोलून दाखवत. ‘साध्य हे आहे, म्हणजे हे दोन कोन समान मिळाले पाहिजेत, ते मिळण्यासाठी त्रिकोण एकरूप हवेत, मग पक्षात त्यासाठी काय दिले आहे?’ असे ते शेवटाकडून मागे चालत येत आणि वाट चुकली तर ती चुकलेली वाटही पुसत नसत. पहिला रायडर, म्हणजे प्रमेयावर आधारलेले उदाहरण, ते पूर्ण सोडवत, दुसऱ्यातली शेवटची पायरी कोरी ठेवत, तिसऱ्यातल्या दोन-तीन, आणि अखेरीस फक्त आकृती उरे. आधार थोडा थोडा काढून घेण्याचा हा क्रम मला त्यांच्या अध्यापनातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. नवशिक्याला एकदम अवघड प्रश्नापुढे बसवले, तर त्याची सारी शक्ती चाचपडण्यातच खर्च होते. ‘मुलांना स्वतः शोधू द्या’ असे म्हणून शिक्षकाने खुर्चीत बसून राहणे म्हणजे स्वयंअध्ययन नव्हे, आणि भ्रमणध्वनीवरची चित्रफीत लावून दिल्यानेही ते घडत नाही.

घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर, लिहून झाल्यावर, आपल्याला किती गुण पडतील याचा अंदाज लिहावा लागे. तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली की अंदाज आणि गुण यांतला फरक चुकांच्या वहीत मांडायचा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचे: प्रश्न नीट वाचला नाही, सूत्र आठवले नाही, आकडेमोड चुकली की मुळातच समजले नव्हते. या चारांवर उपाय वेगवेगळे असतात. आकडेमोड चुकणाऱ्याने अख्खा धडा पुन्हा वाचणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय, हे त्या वहीमुळे कळे. वर्षअखेरीस बहुतेकांचे अंदाज गुणांच्या बरेच जवळ येऊ लागले होते. आपल्याला काय येत नाही हे कळल्यावाचून कोणी स्वतःच्या बळावर अभ्यास करू शकत नाही, तेव्हा या सरावाचे महत्त्व मी गुणांहून अधिक मानते.

अडलेले विचारण्याचीही रीत ठरलेली होती. आधी पुस्तक, मग शब्दकोश किंवा विश्वकोश, मग शेजारचा आणि त्यानंतर शिक्षक. सरांकडे गेल्यावर ‘कळले नाही’ एवढे सांगून भागत नसे, कोणत्या ओळीपर्यंत कळले ते सांगावे लागे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये निघाला, आणि आम्ही शाळेत होतो तेव्हा पुढचे खंड अजून येत होते. हवा तो विषय अजून न निघालेल्या खंडात असेल, तर जवळचा दुसरा शब्द शोधून त्याच्या नोंदीतून माग काढावा लागे. ही शिकवण अर्थातच परिस्थितीने दिली, शिक्षकांनी नव्हे.

हे सारे सर्वांना रुचले असे नाही. ‘बाई शिकवत नाहीत, मुलांकडूनच करून घेतात,’ अशी तक्रार पालकसभेत होत असे. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून शेजारच्या शाळेतली मुले सहामाहीत आमच्या पुढे जात, त्यामुळे ती तक्रार अगदीच निराधार वाटत नसे. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. आठवीत प्रश्न त्या काढत, नववीत आम्ही गटाने काढू लागलो आणि दहावीत प्रत्येकाने आपले वेळापत्रक आणि प्रश्न स्वतः करायचे, एवढा क्रम त्यांनी पालकांना समजावून सांगितला आणि तो पाळला.

आजच्या माझ्या विद्यार्थी-शिक्षकांना आठवून लिहिणे, पत्ते, चुकांची वही हे सगळे लवकर जमते. बाजूला होणे मात्र त्यांना जमत नाही. मुलांनी काढलेले प्रश्न आधी कच्चे असतात, वेळ जातो, पोर्शन मागे पडतो आणि मग शिक्षक स्वतःच प्रश्न काढून मोकळा होतो. म्हणून पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, कोणती मदत कोणत्या आठवड्यात बंद करणार हे लिहायला मी त्यांना सांगते. छापील टाचणवहीत असा रकाना नसतो, त्यामुळे तो समासात हाताने आखून घ्यावा लागतो.